डोलीतला बैल

लग्न होऊन मी पुण्याहून मळवलीजवळच्या त्या गावात राहायला गेले, तेव्हा आमच्या एका खोलीच्या संसारात माझ्याआधीच एक जण येऊन बसला होता. ॲल्युमिनियमचा, पोट मोठं, मान अरुंद, दूधवाल्याच्या कॅनचा थोरला भाऊ शोभेल असा. खिडकीखालची हवेशीर जागा त्याची होती. मी माझी ट्रंक तिथे सरकवू लागले, तर आमचे हे इतक्या घाईने आडवे आले की मला वाटलं, ट्रंकेखाली मांजराचं पिल्लू सापडलं.

त्याला कंटेनर म्हणत. हे ज्या संस्थेत नोकरीला होते तिचं काम गाईंची जात सुधारण्याचं. चांगल्या वळूचं बीज बारीक कांड्यांमध्ये भरून गोठवायचं आणि खेड्यापाड्यांतल्या गाईंना ते भरायचं. गोठवलेलं बीज जिवंत ठेवायला भयंकर थंडी लागते, शून्याच्या खाली जवळजवळ दोनशे अंश. तेवढी थंडी द्रवरूप नायट्रोजनमध्ये असते, आणि तो नायट्रोजन आमच्या खिडकीखाली कंटेनरच्या पोटात होता. सत्तरचं दशक तेव्हा सरत आलं होतं. त्याच्या आधी म्हणे बर्फाच्या थर्मासमधून बीज यायचं आणि गाडी चुकली की वाटेतच मरायचं. आता ते महिनोन् महिने टिकणार होतं, फक्त नायट्रोजन आटू द्यायचा नाही. तो मात्र आपोआप उडून जातो, कोणी हात लावला नाही तरी.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ह्यांनी मला समोर बसवून नियम सांगितले. झाकण घट्ट दाबायचं नाही, आतला वायू कोंडला तर भांडं फुटेल. कलंडू द्यायचं नाही, आपटू द्यायचं नाही. त्याच्या दोन भिंतींच्या मधे निर्वात पोकळी असते, ती गेली की सगळं गेलं. उगाच उघडायचं नाही. दारं-खिडक्या लावून त्याच्याजवळ झोपायचं नाही. मी विचारलं, माझ्याबद्दल काही नियम आहेत का? ते म्हणाले, ‘‘आहे ना. तू त्याला घासायला घेऊ नकोस.’’

तरी हळूहळू त्याची देखभाल माझ्याकडेच आली. हे सायकलवरून गावोगाव हिंडत, आणि नायट्रोजन किती उरलाय ते कोणीतरी बघायला हवं. त्यासाठी एक लाकडी पट्टी होती. ती आत सोडली की तव्यावर पाणी पडल्यासारखा चर्रर्र आवाज येई. बाहेर काढून हवेत हलवली की जिथवर ती बुडाली असेल तिथवर पांढरं दव गोठून येई. तेवढा नायट्रोजन. पट्टीवर ह्यांनी खालच्या अंगाला तांबड्या पेन्सिलीने एक रेघ मारून ठेवली होती. दव त्या रेघेच्या खाली गेलं की समजायचं, आता कांड्यांच्या जिवाशी खेळ आहे. पण तसं कधी होत नसे. पुण्याहून ठरल्या वेळी संस्थेची गाडी येई, मोठ्या पिंपातून आमचा कंटेनर भरून देई आणि निघून जाई.

गावात त्याला ‘सायबांचा बैल’ म्हणत. मी तांदूळ निवडत बसले असले की कोणी ना कोणी दारात उभं राही. बैल बघायचाय. मी झाकण उचललं की पांढरा धूर मानेवरून खाली सांडायचा आणि बघणारा दोन पावलं मागे व्हायचा. मग मी पटकन झाकण ठेवून द्यायची. मोफत दर्शनाने नायट्रोजन उडतो, हे लोकांना कसं सांगणार? शेवटी मी सांगू लागले की बैल झोपलाय. ते सगळ्यांना पटलं.

डोंगराच्या अंगाला, आमच्या गावापासून अर्ध्या चढावर, ठाकरांची एक वाडी होती. तिथली एक मावशी बाजाराला उतरली की आमच्याकडे टेकायचीच. काटक, बुटकी, कपाळभर गोंदण, आणि बोलायला लागली की समोरच्याने कामधाम विसरावं. तिची एकच गाय. गावठी, ठेंगणी, डोंगर चढणारी. ह्यांनी तिला समजावलं होतं की अशा लहान चणीच्या गाईला मोठ्या जातीच्या वळूचं बीज भरलं तर वासरू अडतं. तिच्यासाठी जर्सीच हवी. म्हणून वाडीवरच्या गाईंसाठी ह्यांनी मुद्दाम मागून मोजक्या कांड्या आणल्या होत्या. मावशीच्या गाईला त्यातल्या भरून झाल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी गाय उलटली होती, म्हणजे गाभ राहिली नव्हती. तीन आठवडे गेले की पुन्हा माजावर, पुन्हा हंबरणं.

मावशीचा मुलगा वैतागला होता. विशी ओलांडलेला, अबोल, कपाळावर कायम आठी. त्याचं म्हणणं सरळ होतं. ही भाकड झालेली गाय पोसण्यापेक्षा बाजारात नेऊन विकू, दोन शेळ्या घेऊ. मावशीने हट्ट धरला होता की अजून एकदा बघू. ती गाय तिच्या नवऱ्याने, मरण्याच्या आदल्या वर्षी, कालवड म्हणून दाव्याला बांधली होती. हे ती कोणाला सांगत नसे, पण मला सांगितलं होतं. तिने मुलाकडून शब्द घेतला होता. येत्या खेपेला सायबांचा बैल लागला तर गाय राहील, नाही तर तू कासरा धर आणि चालायला लाग, मी आडवी येणार नाही.

त्या पावसाळ्यात ह्यांना सुदुंबऱ्याच्या केंद्रावर बदली कामाला पाठवलं. तिथला माणूस आजारी होता. चार दिवसांत येतो म्हणून गेले, आणि ते गेले त्याच दिवसापासून पाऊस लागला. मावळातल्या पावसाचं कौतुक मला कधीच नव्हतं. कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही, भिंतीला हात लावला तर हात ओला. पण त्या वर्षीचा पाऊस काही वेगळाच होता. इंद्रायणीचा पूल पाण्याखाली गेला, म्हणजे हमरस्त्यावरून आमच्याकडे येणारी वाट बंद. घाटात दरड पडली आणि पुण्याच्या बाजूला रुळांखालची खडी वाहून गेली, म्हणजे गाड्या बंद. नायट्रोजनची गाडी ज्या दिवशी यायची तो दिवस गेला. दुसराही गेला.

मी पट्टी घातली. दव तांबड्या रेघेच्या जेमतेम वर आलं.

स्टेशनवर गेले. स्टेशनमास्तर भला माणूस होता. त्याने रेल्वेच्या फोनवरून पुण्याला निरोप धाडला, लोणावळ्याला धाडला. लोणावळ्याला आमच्याच संस्थेचं मोठं केंद्र होतं, तिथे माणसाएवढं पिंप होतं. तिकडून उलटा निरोप आला की आम्ही येऊ शकत नाही, पण माल इथवर आणलात तर सांभाळू. एकाच स्टेशनाचं अंतर. मी रुळावरून चालत जाऊ का, असं विचारलं, तर गँगमन म्हणाला की बाई, आम्हीच जपून चालतोय, तिथे तुमचा हंडा घेऊन कुठे जाता. गावातल्या कर्त्या माणसांकडे गेले. त्यांनी चहा दिला, पाऊस उद्या ओसरेल म्हणाले, आणि पुन्हा भाताच्या खाचरांच्या बांधांबद्दल बोलू लागले. त्यांचंही चुकलं नाही. बांध फुटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीवरचं दव रेघेला टेकलं. मी तिथेच जमिनीवर बसले. मला रडू आलं ते भीतीने नाही, रागाने. ह्या माणसाशी लग्न केलं, त्याच्या बैलाशी नव्हतं केलं, असं मी मोठ्याने म्हटलंसुद्धा. नेमकी त्याच वेळी मावशी दारात आली. डोक्यावर इरलं, हातात मिठाची पुडी. तिने मला बघितलं, कंटेनरला बघितलं, आणि हळूच विचारलं,

‘‘आजारी हाय का त्यो?’’

मी म्हटलं, आजारी काय, मरायला टेकलाय. लोणावळ्याला नेलं तर वाचेल, पण न्यायचं कसं? कलंडला तरी मरेल, आपटला तरी मरेल. मावशीने मिठाची पुडी खाली ठेवली.

‘‘मग रडतीस कशापायी? डोली काढू की.’’

वाडीवरून खाली रस्ता नव्हता. कोणी आजारी पडलं, बाळंतपणात बाई अडली, तर डोलीतूनच आणायचे. वेळूचा लांब दांडा, त्याला चार दोऱ्यांनी टांगलेलं काथ्याने विणलेलं बसकं, आणि खांदा देणारे चार गडी. डोली निघाली की ज्याच्या घराला हाक येईल त्याने यायचं, नाही म्हणायची सोय नाही. त्या दिवशीच्या चार घरांत मावशीचं घर होतं. म्हणून तिचा मुलगा आला. दुसरे दोघे वाडीतलेच. चौथा होता तो आबा. वयाने सगळ्यांत मोठा, आजवर किती आजारी माणसं उतरवली त्याचा हिशेब त्याच्यापाशीही नव्हता.

कंटेनर बसक्यात उभा ठेवून त्याच्याभोवती भाताचा पेंढा गच्च भरला आणि आबाने सुंभाने असा बांधला की हलवून हलेना. मावशीने वरून घोंगडी टाकली. एवढं गार अंग, पावसात गारठून जाईल म्हणाली. मी घोंगडी काढली, तिने पुन्हा टाकली. शेवटी झाकणाला हवा मोकळी राहील असं तिचं इरलं वर तिरपं बांधलं, आणि घोंगडी बाकीच्या अंगाला राहिली. त्याने नायट्रोजनचं काही बिघडत नव्हतं, आणि मावशीच्या जिवाला बरं वाटत होतं.

पुलाकडे न जाता डोंगराच्या पायथ्यापायथ्याने औंढ्यापर्यंत आणि तिथून लोणावळ्याला, अशी वाट होती. वाट म्हणजे काय, चिखल, कारवीची झुडपं आणि ओढे. मी चपला काढून हातात घेतल्या आणि निघाले. थोडं गेल्यावर आबा थांबला आणि मला म्हणाला की वैनी, तुमी मागं नका, बाजूला चाला. हात ठेवा त्याच्यावर. आणि बोलत ऱ्हावा.

मला कळेना. त्याने समजावलं. डोलीत कोणीही असो, घरचं एक माणूस बाजूने चालतं, हात ठेवून. त्याच्याशी बोलतं. आपलं कोणी बोलतंय म्हटल्यावर आजारी माणूस डोळे मिटत नाही. आणि चालणाऱ्यांनी तब्येतीबद्दल चकार शब्द काढायचा नाही, डोली ओढ्यात टेकवायची नाही. सगळ्या डोल्या अशाच जातात. ही पण तशीच जाणार.

मी म्हटलं, आबा, आत नायट्रोजन आहे. नायट्रोजनशी काय बोलू?

‘‘घरचंच हाय न्हवं? मग बोला.’’

पुण्याच्या शाळेत मॅट्रिक झालेली मी, आणि भर पावसात ॲल्युमिनियमच्या भांड्यावर हात ठेवून बोलू लागले. आधी चोरून, पुटपुटत. म्हटलं, नीट बस. म्हटलं, आता चढ आहे. मग काय झालं कोण जाणे, सुटलेच. तू आल्यापासून ह्या घरात मला खिडकी नाही. सिनेमाला जाऊ म्हटलं की तुझी पट्टी. माहेरी जाऊ म्हटलं की तुझी गाडी यायची. दिवाळीच्या पाडव्याला मी ओवाळायला थांबले होते, आणि ते आधी तुझं झाकण बघायला गेले. हे सगळं मी खरंच बोलले. पुढचे दोघे हसत होते. मागे मावशीचा मुलगा होता, तो हसत नव्हता.

त्यांचं चालणं मात्र बघण्यासारखं होतं. चौघं गुडघे अर्धवट वाकवून, एका लयीत, पळल्यासारखं चालत. दांडा लवे, पण बसकं जराही हलत नसे. ओढ्यात उतरताना पुढचे दोघे दांडा डोक्यावर घेत आणि मागचे मांडीपर्यंत खाली आणत, म्हणजे बसकं सपाट राही. मी एकदा घसरून चांगली आपटले, साडी चिखलाने भरली, चप्पल ओढ्यातून वाहून गेली. कंटेनरच्या झाकणाखालून मात्र निवांत बारीक धूर येत होता. आबा मधून मधून त्या धुराकडे नजर टाकी. बोलायचं नसल्यामुळे बोलत नसे, पण धूर दिसला की पाऊल जोरात पडे.

औंढ्याच्या शिवारात आलो आणि धूर दिसेनासा झाला. पट्टी घालून बघावं तर उघडल्याने उरलंसुरलं उडेल. मी बोलायची थांबले. तेवढ्यात मागून मावशीच्या मुलाचा आवाज आला. त्या दिवशी त्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं. थांबू नका म्हणाला, एवढंच. ते तो मला म्हणाला की बाकीच्यांना, ते मला तेव्हा कळलं नाही.

लोणावळ्याच्या केंद्रातले प्रमुख आम्हाला बघून उठून उभे राहिले. चिखलाने माखलेली बाई, चार ठाकर, आणि डोलीत घोंगडी पांघरलेला कंटेनर. पण माणूस कामाचा. एक प्रश्न न विचारता त्यांनी मोठं पिंप उघडलं, आमच्या कंटेनरमधल्या कांड्यांची नळकांडी बाहेर काढली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तिकडे सोडली. मग आमच्या कंटेनरमध्ये टॉर्च मारून पाहिलं. तळाला पळीभर नायट्रोजन होता. ते म्हणाले, थोडक्यात वाचलंत बहुतेक. पण खात्री करायला एक कांडी खर्च करावी लागेल.

मी म्हटलं, जर्सीची बघा.

त्यांनी कांडी कोमट पाण्यात सोडली, पुसली, कापली, थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. किती वेळ लावून बसले होते, मला सांगता येणार नाही. मग बाजूला झाले आणि म्हणाले, या, बघा. मी बघितलं. आधी नुसता उजेड. मग त्या उजेडात कोट्यवधी ठिपके, शेपट्या हलवत, एकमेकांना ढकलत, पंचमीच्या दिवशी मुली झिम्म्याला जमल्यासारखे. मी हुंदका दिला. त्या बापड्या प्रमुखांना वाटलं, मला चक्कर आली.

मग चौघांनी आळीपाळीने डोळा लावला. आबाने बघितलं आणि डोक्यावरचं फडकं काढून हातात घेतलं. मावशीचा मुलगा शेवटी आला. तो वाकला आणि उठेचना. प्रमुखांनी विचारलं, दिसतंय ना? त्याने नुसती मान हलवली. डोळा तसाच लावून.

लोणावळ्यात नायट्रोजन बेताचाच होता, त्यामुळे आमचा कंटेनर भरून मिळणार नव्हता. पुण्याची वाट मोकळी होईपर्यंत कांड्या आणि कंटेनर तिथेच राहायचे होते. मला परतायला हवं होतं, घर उघडं टाकून आले होते. प्रमुखांनी चहा-पाव खाऊ घातला. पाऊस जरा थांबला होता. निघायच्या वेळी गडी डोलीशी घुटमळायला लागले. आबा दांड्याकडे बघत उभा, बाकीचे आबाकडे.

मग त्याने सांगितलं. डोली रिकामी परत न्यायची नसते. आजारी माणूस दवाखान्यात राहिलं, तर त्याच्या घरचं माणूस डोलीत बसून येतं. वाडीवरून वाट दिसते. बायका कामं टाकून कडेला उभ्या असतात, आणि दांडा लवलेला दिसला की समजतात, तिकडं सगळं ठीक आहे. डोली हलकी आली, तर माणूस गेलं. मग कोणी काही विचारत नाही, थेट रडायला सुरुवात होते.

मी म्हटलं, मग सोपं आहे. मी चालत येते, वर पोचल्यावर मावशीला सांगते की बैल जिवंत आहे. दुसऱ्या एका गड्याने मान डोलावली. बरोबर आहे वैनींचं, एवढं काय. मला डोलीत बसायचं नव्हतं. धडधाकट, खाऊन-पिऊन सुखी बाई, आणि माणसांच्या खांद्यावर बसून जायचं, ह्या विचारानेच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आबा म्हणाला, तुमी पोचाल तवर ती रडून मोकळी झालेली आसल.

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मावशी आत्ता वाडीच्या कडेला उभी असणार. ती बोलेल तो शब्द खरा करणारी बाई. हलकी डोली दिसली की आम्ही पोचायच्या आत तिने गाय दाव्यावरून सोडून मुलाच्या स्वाधीन करायला तयार ठेवली असती. दिलेला शब्द ती नंतर कोणाच्या सांगण्याने मागे घेणार नाही, हे मला माहीत होतं, आणि मुलालाही माहीत होतं. त्याने काही करायचीही गरज नव्हती. गप्प राहिला असता तरी शेळ्या दारात आल्या असत्या.

तो पुढे आला. बसक्यातला ओला पेंढा उपसून टाकला, घोंगडीची घडी करून त्यावर अंथरली, आणि खाली मान घालून मला म्हणाला,

‘‘बसा वैनी. आई वाट बघत आसल.’’

मी बसले. पहिली काही पावलं डोळे मिटून, दोऱ्या घट्ट धरून. मग उघडले. खाचरं तुडुंब, डोंगर धुक्यात निम्मे, आणि मी जमिनीपासून हातभर उंच तरंगत चाललेली. वाटेत औंढ्याच्या बायका भेटल्या. कोण गं, काय झालं हिला? गडी म्हणाले, ‘‘काय न्हाई, बरी हाय.’’ आबाने मला बोलायला लावलं नाही. मीच बोलत होते, अखंड, कोणाला जड होतंय का विचारत. शेवटी आबा म्हणाला की वैनी, तो बैल बरा हुता, गप ऱ्हायचा.

वाडीची कड दिसू लागली तेव्हा अजून चांगला उजेड होता. चार-पाच बायका उभ्या होत्या. त्यांच्यात एक बुटकी होती, ती आधी हलली नाही. मग तिने कपाळावर हात धरून दांड्याकडे बघितलं, आणि तिथूनच उतार धरून, इरल्याशिवाय, पदर खोचलेला, धावत खाली आली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मुलापुढे उभी राहिली.

‘‘जित्तं हाय?’’

‘‘म्या सोता बघितलं,’’ मुलगा म्हणाला. ‘‘लय हायेत.’’

एवढ्यावर गोष्ट गोड झाली असती. झाली नाही. पाऊस ओसरला, पूल उघडला, हे परतले, कंटेनर भरून आपल्या खिडकीखाली येऊन बसला. त्याला बघून मला आनंद झाला, हे ह्यांना मी पुष्कळ दिवस कळू दिलं नाही. गाय माजावर आल्यावर हे स्वतः वाडीवर गेले, लहान भांड्यात नायट्रोजन आणि एक कांडी घेऊन. मावशीने त्यांच्या पायावर पाणी घातलं, गाईला ओवाळलं. आणि तीन आठवड्यांनी गाय पुन्हा उलटली.

त्या रात्री हे नीट जेवले नाहीत. मलाही वाटत होतं की वाडीवर कोणत्या तोंडाने जायचं. ठरलेली खेप ती होती, आणि ती वाया गेली होती. शनिवारचा बाजार तोंडावर आला होता. दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी, मी दार झाडत होते तर उतारावरून मावशीचा मुलगा येताना दिसला, हातात कासरा, मागे गाय. मी केरसुणी टाकली आणि आत जाऊन ह्यांना उठवलं. म्हटलं, बाजाराला निघालाय तो, निदान बाहेर येऊन भेटा. त्याला काही म्हणायचा अधिकार आपल्याला नाही, पण तोंड लपवू नका.

हे बाहेर आले. मुलगा रस्त्याने सरळ स्टेशनाकडे गेला नाही. आमच्या दाराशी वळला, गाई भरण्यासाठी दाराशी उभ्या केलेल्या खोड्याच्या खांबाला गाय बांधली आणि घाम पुसला. हे चाचरत म्हणाले, आईला सांग, आम्ही प्रयत्न केला. ठरल्याप्रमाणे तुझं बरोबर आहे.

त्याच्या कपाळावर नेहमीची आठी होती. तो ह्यांच्याकडे न बघता खिडकीखालच्या कंटेनरकडे बघत होता.

‘‘गाय आजून माजावर हाय, सायब,’’ तो म्हणाला. ‘‘भरा की. आत लय हायेत. तुमाला ठावं न्हाई, म्या बघितल्यात.’’